शेवटचा कोस

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘विमानतळापासून शहरापर्यंत’ असा जाहीर झाला, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, “अहो, रत्नागिरीत बसून हा विषय कोठून काढलात?” शंका रास्त होती. मिरजोळ्याला विमानतळ आहे, त्यावर तटरक्षक दलाची विमाने उतरतात, नागरी उतारूंसाठी इमारत बांधण्याचे कामही गेल्या काही वर्षांत हाती घेतले गेले. परंतु तिकीट काढून आलेला, हातात बॅग घेऊन ‘आता गावात कसे जायचे?’ म्हणून इकडेतिकडे पाहणारा उतारू हे तेथील नेहमीचे दृश्य अजून झालेले नाही. मग हा प्रश्न आपला कसा?

तो आपलाच आहे आणि चांगला जुना आहे. विमान या शब्दाच्या जागी आगबोट हा शब्द घालून पाहावा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते ध्यानात येईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे शंभराहून अधिक वर्षे रत्नागिरीचा माणूस मुंबईहून बोटीने येत होता, आणि ती बोट त्याला रत्नागिरीत कधीच उतरवीत नव्हती. ती त्याला रत्नागिरी दिसेल अशा ठिकाणी आणून उभी करी. तेथून पुढचा जो कोसभर मार्ग, अर्धा पाण्यातला आणि अर्धा जमिनीवरचा, तो त्याने आपला आपण पार करावा अशी सर्वांची समजूत होती. बोटींचा, कंपन्यांचा, वादळांचा इतिहास पुष्कळ सांगितला जातो. या शेवटच्या कोसाचा इतिहास सांगावा असे फारसे कोणाला वाटत नाही. आज तो मिरकरवाड्यावरून आम्ही सांगणार आहोत.

मिरकरवाडाच का, हे समजण्यासाठी आपल्या किनाऱ्याची ठेवण एकदा डोळ्यांपुढे आणावी. रत्नदुर्गाचा डोंगर पश्चिमेकडे समुद्रात शिरला आहे. त्याच्या दक्षिण अंगाला मांडवी आणि भाट्याच्या खाडीचे मुख. उत्तर अंगाला मिरकरवाडा, भगवती बंदर आणि पलीकडे मिऱ्याच्या डोंगरापर्यंत पसरलेला उपसागर. वारा दक्षिणेचा असला की किल्ल्याचा डोंगर मिरकरवाड्याला पाठीशी घालतो. उत्तरेचा असला की तोच डोंगर मांडवीचा आडोसा होतो. हे शहाणपण कोणत्याही इंजिनियराच्या आधी तांडेलांना ठाऊक होते. मांडवीचा धक्का हे शहराचे पश्चिमेचे दार म्हटले, तर मिरकरवाडा ही त्याच दाराची दुसरी फळी आहे. आज या फळीतून माणसे येत नाहीत, मासळी येते. पण त्याकडे आपण मागाहून वळू.

शहर येथे वाढले तेच मुळी या दारामुळे. इंग्रजी अंमल आल्यावर दक्षिण कोकणचे ठाणे प्रथम बाणकोटला होते. ते १८२२ साली रत्नागिरीस आणले गेले, कारण जिल्ह्याच्या लांबट पट्टीत रत्नागिरी मध्यावर पडते. कागदावर मध्य खरा. परंतु त्या मध्यावर पोचण्याचा खरा रस्ता समुद्र हाच होता. सह्याद्रीतले घाट अवघड, आणि किनाऱ्याने जावे तर दर काही कोसांवर खाडी आडवी. प्रत्येक खाडीवर तरीची वाट पाहत बसायचे. म्हणून साहेब आला तो समुद्रातून, टपाल आले ते समुद्रातून. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा एप्रिल १८८६ मध्ये मद्रासेहून येथे आणला गेला तोही समुद्रातूनच. बरोबर राणी आणि मद्रासेत जन्मलेली तान्ही राजकन्या. मोठे जहाज किनाऱ्यास लावण्याची सोय त्या काळी येथे नव्हती, तेव्हा सिंहासनावरून उठविलेल्या त्या राजालाही शेवटी आपल्या चाकरमान्यासारखेच लहान होडीत पाय टाकावा लागला असणार. त्याचा राजवाडा आपण पाहुण्यांना दाखवतो. तो राजा किनाऱ्यावर आणणारे वल्हेकरी कोण होते, हे मात्र आपण कधी विचारले नाही.

आगबोटींची सर्वांत परिचित कंपनी म्हणजे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन. मुंबईचा धक्का सोडला की हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मग पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे त्या पिढीच्या माणसाला रामरक्षेसारखी तोंडपाठ असत. मराठीत ‘बोट लागणे’ याचे दोन अर्थ आहेत. धक्क्याला लागते ती एक आणि पोटाला लागते ती दुसरी. कोकणातल्या बहुतेक बंदरांत पहिला अर्थ निरुपयोगीच होता. बोट धक्क्याला लागतच नसे. लागे ती पोटालाच.

मुंबईकडच्या टोकाची गोष्ट निराळी. तेथे भाऊ अजिंक्य या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात उतारूंसाठी धक्का बांधला, आणि जागा बदलली तरी भाऊचा धक्का हे नाव आजतागायत चालू आहे. म्हणजे प्रवासाच्या त्या टोकाला शेवटच्या पावलाची काळजी एका माणसाने घेतली आणि लोकांनी त्याचे नाव राखले. आपल्या टोकाला हेच काम शेकडो माणसांनी पिढ्यानपिढ्या केले, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोठल्या धक्क्याला नाही.

ते काम कसे चाले, हे आम्ही लहानपणी स्वतः अनुभवलेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा देई. किनाऱ्यावरून पडाव आणि मचवे निघत. ते बोटीच्या कुशीला येऊन लागले की वरून शिडी सोडली जाई, आणि मग तो क्षण येई ज्याच्या भीतीने आमच्या घरातल्या बायका मुंबईपासून जप करीत बसलेल्या असत. बोट जड, ती संथ डुले. पडाव हलका, तो लाटेसरशी वर येई आणि तसाच हातभर, कधी दोन हात खाली जाई. शिडीची शेवटची पायरी आणि पडावाचा काठ एका पातळीत येत ते डोळ्याचे पाते लवेपर्यंतच. शिडीपाशी एक खलाशी आणि पडावात दुसरा. वरचा दंड धरून ठेवी, लाटेकडे पाही आणि एकच शब्द उच्चारी: “आता!” त्या ‘आता’ला पाय उचलायचा. विचार करायचा नाही. ज्याने विचार केला त्याचा पाय पाण्यात गेला म्हणून समजावे. लहान मुलांना तर विचारण्याचा प्रश्नच नसे. वरच्या हातांतून खालच्या हातांत ती पोत्यासारखी जात. आम्हीही तसेच गेलो. त्या खालच्या हातांचा खारट, ओला, घट्ट स्पर्श साठ वर्षांनंतरही दंडावर आहे.

आता या ‘आता’चा हिशेब करून पाहा. नऊवारीतली म्हातारी, पोटुशी सासुरवाशीण, मुंबईच्या इस्पितळातून बरा न होता परत आणलेला आजारी माणूस, हे सगळे त्याच शिडीने उतरत. सामानाच्या ट्रंका, वळकट्या दोराने खाली येत. परत जाताना हेच सर्व उलट्या दिशेने. एका बोटीमागे किती वेळा एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाचा जीव मुठीत धरला असेल! हे करणारे खारवी, दालदी, भंडारी, गाबीत, म्हणजे मिरकरवाडा, मांडवी, राजिवडा अशा वस्त्यांतले, एरवी मासळी मारणारे लोक. पुस्तकातल्या व्याख्येप्रमाणे सार्वजनिक वाहतूक म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गाने, कोणालाही भाडे घेऊन नेणारी सोय. या व्याख्येने पाहिले तर आपल्या शहरातली पहिली सार्वजनिक वाहतूक वल्ह्यांवर चालत होती. पडाववाल्यांशी भाड्याची हुज्जत घालणे हा उतारूंचा जन्मसिद्ध हक्क होता. आमचे वडीलही घालीत. परंतु हुज्जत घालणारा माणूस कोरडा किनाऱ्यावर पोचलेला असे, ही गोष्ट हुज्जतीच्या भरात विसरली जाई.

अपघातांविषयी येथे दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी वादळात गेल्या. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. रेवस म्हणजे परगाव नव्हे, मुंबईच्या समोरचा किनारा. घरी जाण्यातला जवळचा टप्पा. जवळचा टप्पा म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि व्यवस्थाही निर्धास्त असते. लांबच्या समुद्राची भीती सर्वांनाच वाटते. किनारा दिसू लागला की कोणाला वाटत नाही.

पावसाळ्यात तर हा कोस पुसूनच जाई. मेअखेरीस बोटी बंद होत, त्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा सुरू होत. समुद्राला नारळ दिल्यावर गणेशचतुर्थी अवघ्या एकोणीस तिथींवर. तेवढ्या अवधीत सगळ्या गिरणगावाला घरी यायचे असे, हे लक्षात घेतले म्हणजे बोटीवर माणसांवर माणसे का बसत, हे वेगळे सांगावे लागत नाही. बरे, पावसापुढे हार खाणारी एकटी बोटच नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आले ते मुंबईत जुहूच्या विमानतळावर उतरले. हा विमानतळ १९२८ चा. पावसाळ्यात ती जमीन पाण्याखाली जाई, आणि टाटांना आपली विमाने पुण्यास हलवावी लागत. आकाशातून उडणाऱ्यालाही शेवटी चिखलातच उतरावे लागते, हे पाहून आमच्या तांडेलांना समाधान वाटले असते.

पाण्यातला अर्धा कोस संपला की जमिनीवरचा सुरू होई. धक्क्यावर हमाल, बैलगाड्या. पैसेवाल्यासाठी गाडी, बाकीच्यांसाठी स्वतःचे डोके. पेठकिल्ल्यावरून बाजारपेठेत, रामआळीपर्यंत सामान डोक्यावर घेऊन चालत येणे यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पुढे सर्व्हिस मोटारी आल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा पाठीला कोळशाची भट्टी बांधून धापा टाकीत त्या चढ चढत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस. टी. धावली, आणि पुढे ती आपल्याही जिल्ह्यात आली. एस. टी.ने कोकणावर जे उपकार केले त्यांचे वर्णन अन्यत्र पुष्कळ झाले आहे. आम्हांला तिची एकच गोष्ट सांगावीशी वाटते: ती माणसाला गावात आणून सोडी. रत्नागिरीची पाटी लावलेली गाडी रत्नागिरीतच येऊन थांबे. तिच्यातून उतरताना कोणी ‘आता!’ म्हणावे लागत नसे.

रस्ते सुधारले तशी बोट मागे पडली. थांबे कमी झाले, आणि १९८० च्या दशकात मुंबई-गोवा मार्गावरची ती जुनी कोकण बोट बंद झाली. एवढ्याने शहराचे तोंडच फिरले. आजवर रत्नागिरीचे दार पश्चिमेला होते, किल्ला आणि बंदर हा दर्शनी भाग होता. आता दार पूर्वेला, हातखंब्याच्या तिठ्यावर गेले. मिरकरवाडा घराच्या पुढल्या अंगणात होता, तो मागील दारी आला. शहराची नवी वस्तीही त्याच दिशेने, मारुती मंदिराच्या पलीकडे कुवारबावकडे सरकत गेली. वाटेत एका संपूर्ण भागाचे नाव ‘साळवी स्टॉप’ पडले आहे. देवळावरून, झाडावरून वस्तीला नाव पडते हे आपण ऐकले होते. बसच्या थांब्यावरून पडते हे आपल्या शहराने दाखविले. ज्या काळात माणसे जशी येतात, तशीच त्या काळाची नावे.

मग रेल्वे आली. नाथ पै, मधु दंडवते यांनी तिच्यासाठी संसद जागती ठेवली; जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना तिला गती मिळाली; १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले; ई. श्रीधरन यांनी ती बांधली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी साऱ्या मार्गावर गाडी सुरू झाली. आपल्याच तालुक्यात पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आहे. डोंगर फोडून हे केले याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? परंतु गाडीला चढ चालत नाही. ती समुद्रकाठच्या गावाकडे वळून येण्याऐवजी आतल्या बाजूने गेली आणि स्टेशन कुवारबावजवळ झाले. स्टेशनापासून जुन्या शहराचे अंतर भरते जवळजवळ त्या करबुड्याच्या बोगद्याएवढेच. बोगदा खणायला देशातले उत्तम इंजिनियर आले. हे दुसरे अंतर रिक्षावाल्यावर सोडले गेले.

रिक्षावाल्याला आम्ही दोष देत नाही. तो आजचा पडाववाला आहे, आणि रात्री दोन वाजता आलेल्या गाडीसमोर तोच एकटा उभा असतो. आपल्या शहरात एस. टी.ची शहर वाहतूकही आहे, रहाटाघरावरून तिच्या गाड्या सुटतात. प्रश्न असा आहे की आगगाडीच्या वेळा ज्या खोलीत ठरतात आणि शहरबसच्या वेळा ज्या खोलीत ठरतात, त्या दोन खोल्यांमध्ये दरवाजा असावा की नसावा? संगमेश्वराहून साध्या डब्यात बसून आलेल्या माणसाला गाडीच्या तिकिटापेक्षा स्टेशन ते मिरकरवाडा एवढ्या अंतराचे रिक्षाभाडे कितीतरी जड जाते. मासळी विकणारी बाई रिकाम्या टोपल्या घेऊन परत येते तेव्हा तिच्या दिवसाच्या कमाईतला एक घास हा शेवटचा कोस खातो. मोठ्या बोटीचे भाडे ठरलेले आणि पडावाचे हुज्जतीचे, ही जुनी तऱ्हा आजही तशीच आहे.

हा काही केवळ आपला करंटेपणा नव्हे. बर्लिनच्या टेंपलहॉफ विमानतळापर्यंत भुयारी रेल्वे १९२७ सालीच पोचली होती, हा अपवाद झाला. लंडनचा हीथ्रो विमानतळ नागरी विमानांसाठी १९४६ साली सुरू झाला, आणि लंडनच्या भुयारी गाडीला तेथे पोचायला १९७७ साल उजाडले. प्रत्यक्ष मुंबईत जुहूला विमाने उतरू लागल्यानंतर सांताक्रूझ झाले, सहार झाले; विमानतळाच्या खालीच स्थानके असलेली भुयारी मेट्रो मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. जुहूपासून मोजले तर शहाण्णव वर्षे! तोवर मुंबईत उतरणाऱ्या लोकांनी काय केले? आपल्या लोकांनी केले तेच. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. तो परुळ्याच्या सड्यावर आहे, कारण विमानाला सपाट कातळ लागतो, आणि कोकणात सपाट कातळ असतो तेथे गाव नसतो. गाव असतो खाली, पाण्यापाशी. बोटीला खोल पाणी हवे म्हणून ती गावाबाहेर उभी राहिली, आगगाडीला सौम्य चढ हवा म्हणून ती गावाबाहेरून गेली, विमानाला सडा हवा म्हणून ते गावाबाहेर उतरते. त्यांच्या त्यांच्या जागी प्रत्येकाचे म्हणणे बरोबर आहे. गावाचे म्हणणे काय, हे विचारण्याची वेळ मात्र नेहमी उद्घाटनानंतर येते.

शेवटी पुन्हा मिरकरवाड्यावर येऊ. आज तेथे यांत्रिक नौकांची दाटी असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढे दिवस सोडले तर डिझेलचा वास, बर्फाचे चुरमुरणे आणि लिलावाची आरडाओरड. नौकेतून उतरलेली मासळी बर्फात घातली जाते, ट्रकमध्ये चढते, आणि तोच ट्रक आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजूला उतरतो. धक्क्यापासून दूरच्या बाजारापर्यंत त्या सुरमईला वाहन बदलावे लागत नाही; तिची एवढी चिंता करणारी व्यवस्था आपण उभी केली, कारण वाटेत ती नासेल. हापूसच्या पेटीचेही तसेच. तीच सुरमई पकडणाऱ्या खलाशाच्या मुलाला मुंबईस नोकरीच्या मुलाखतीला जायचे असते तेव्हा तो धक्क्यावरून चालत निघतो, शहरबस मिळाली तर तीत बसतो, रहाटाघरावर उतरतो, दुसरी शोधतो, नाही मिळाली तर रिक्षा करतो, आणि मग फलाटावर गाडीची वाट पाहत उभा राहतो.

मिरजोळ्याची इमारत पुरी होईल तेव्हा होवो. तिचा नकाशा कोणी पाहिला असेल तर आम्हांला एवढेच विचारायचे आहे की, दारासमोर शहरबस कोठे उभी राहणार आहे, आणि तिच्या पाटीवर मिरकरवाडा हे नाव आहे काय?